वर्गात दोन शिक्षक असतील तर एक जण कायम मागेच का उभा?

स्पेशल एज्युकेटर म्हणून, म्हणजे शिकताना अडचणी येणाऱ्या मुलांसाठीची विशेष शिक्षक म्हणून, दुसऱ्याच्या वर्गात गेलं की आपली जागा बहुतेक वेळा आधीच ठरलेली असते, शेवटच्या बाकाजवळ. पुढे फळ्यावर सर शिकवतायत आणि आपण मागे वाकून एकाच मुलाच्या कानात "हं, आता हे उतरवून घे" असं कुजबुजतोय. वेळापत्रकात त्याला को-टीचिंग, म्हणजे दोन शिक्षकांनी एक वर्ग मिळून शिकवणं, असं म्हणतात. मी नाही म्हणत. एक शिक्षक आणि एक मदतनीस, एवढंच आहे ते.

आणि हे फक्त आपल्याच वाट्याला येतं असं नाही हं. स्क्रग्ज, मॅस्ट्रोपिएरी आणि मॅकडफी या संशोधकांनी २००७ मध्ये को-टीचिंगवरचे ३२ अभ्यास एकत्र तपासले, त्यातही हेच दिसलं की सगळ्यात जास्त चालतो तो "एकाने शिकवायचं, दुसऱ्याने मदत करायची" हाच प्रकार आणि त्यात विशेष शिक्षक बहुतेकदा दुय्यम भूमिकेत असतो. खरं तर मेरिलिन फ्रेंड आणि लिन कुक या विशेष शिक्षणाच्या अभ्यासकांनी को-टीचिंगचे सहा प्रकार मांडलेत, त्यात स्टेशन (वर्गात वेगवेगळ्या जागी वेगवेगळं काम आणि मुलांचे गट त्यातून फिरतात) आहे, वर्गाचे दोन गट करून दोघांनी एकाच वेळी तोच धडा शिकवणं आहे, दोघांनी मिळून पुढे उभं राहून शिकवणंही आहे. मग गाडी पहिल्या सोप्या प्रकारावरच का अडते? माझ्या मते एकच कारण, त्याला आधी एकत्र बसावं लागत नाही. बाकी सगळ्याला लागतं.

एकत्र बसून नेमकं काय होतं ते एका गणितावरून सांगते. "टाकीचा ३/८ भाग भरलेला आहे. त्यात आणखी १/४ भाग पाणी ओतलं, तर टाकीचा किती भाग रिकामा राहील?" डिस्लेक्सिया (वाचनाची अडचण) असलेला मुलगा याचं उत्तर ५/८ लिहितो आणि थांबतो. सरांना वाटतं वजाबाकी कच्ची आहे, अजून वजाबाक्या द्या. पण त्याने छेद सारखे केलेत, बेरीज बरोबर केलीय, अपूर्णांक त्याला चांगले कळलेत! अडलंय ते वाचनात. शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर सगळी ताकद अक्षरं जुळवण्यात गेली आणि "रिकामा" हा शब्द निसटला. आता हे मला दिसतं कारण माझं ते कामच आहे, पण या गणितात नेमकं काय तपासायचंय हे सरच सांगणार, तो विषय त्यांचा. म्हणून मी पहिला प्रश्न हाच विचारते, "सर, यात तुम्हाला वाचन तपासायचंय की अपूर्णांक?" ते म्हणाले अपूर्णांक, की मग रस्ता मोकळा. गणित मोठ्याने वाचून दाखवायचं, किंवा एकेक वाक्य वेगळ्या ओळीवर द्यायचं, शेजारी आठ भाग केलेल्या टाकीचं चित्र. गणित तेच, काठिण्य तेच, उत्तर ३/८ च यायला हवं. "म्हणजे त्याला सोपं करून दिलं" असं कुणी म्हटलं की मला राग येतो, कारण सोपं काहीच केलेलं नसतं.

हे बोलणं चालत्या तासात होऊ शकत नाही, दारात उभ्या उभ्या "आज काय घेताय?" विचारून तर नाहीच. दोघांचा एक तरी ऑफ तास एकाच वेळी यायला हवा, तोही दर आठवड्याला.

नियोजन झालं असेल तर स्टेशन मला सगळ्यात आवडतं. एकाकडे नवीन भाग, दुसऱ्याकडे शाब्दिक उदाहरणं, तिसऱ्या जागी मुलं आपली आपण सोडवतायत, बारा-पंधरा मिनिटांनी गट फिरतात. फक्त गट मिसळलेले ठेवा, "ती" मुलं सगळी एकत्र माझ्याकडे पाठवू नका प्लीज, नाहीतर वर्गातच वेगळा वर्ग झाला की. गट फिरतात तेव्हा प्रत्येक मूल माझ्यासमोर येतं, आणि ज्यांच्या अडचणीची कुठे नोंद किंवा फाईल नाही, जी गप्प बसून शेजारच्याचं बघून उतरवतात, अशी मुलंही तेव्हाच लक्षात येतात.

मुलांना कोण खरे शिक्षक आणि कोण "त्यांच्या बाई" हे फार पटकन कळतं. म्हणून हजेरी कधी मी घ्यावी, पेपर दोघांनी तपासावेत, पालकसभेला दोघांनी बसावं. मतभेद होणारच, ते स्टाफरूममध्ये भांडून घ्यावेत, मुलांसमोर नको.

आता मुख्याध्यापकांना एक विनंती. एका विशेष शिक्षकाला आठ-दहा वर्गांत थोडं थोडं फिरवण्यापेक्षा दोन-तीन वर्ग नीट द्या, कारण दहा जणांबरोबर बसून नियोजन करणं कुणालाच जमणार नाही. आणि कुणी रजेवर असलं की बदली तासाला सगळ्यात आधी आम्हाला उचललं जातं, "तिथे एक शिक्षक आहेच ना" म्हणून. तो तास दोघांचा ठरवलेला असतो, एक जण गेला की तीनपैकी एक स्टेशन बंद पडतं आणि ते चित्रांचं वर्कशीट तसंच कपाटात राहतं. वेळापत्रकात को-टीचिंगच्या तासापुढे "बदली नाही" एवढं लिहून द्या.