पडणारा मिळत नाही

सोमवार, रात्री

गोव्यातल्या केरीच्या किनाऱ्यावर आज पहिला दिवस. पहाटे साडेपाचला आम्ही पाचजण टॉर्च घेऊन वाळूत वाकलो होतो. पाणी पार मागे गेलेलं, नदीपलीकडे तेरेखोलचा किल्ला अजून अंधारातच. फाईट जिथं होणार तो तीस पावलांचा पट्टा हातांनी चाचपून काढला. शिंपल्यांचे धारदार तुकडे, बाटलीची काच, गळाचा मोडका आकडा निघाला, आणि सुरूची ती टोकदार बोंडं तर घमेलंभर. कॅमेरावाला पोरगा म्हणाला, "ताई, एवढं कशाला? ओल्या वाळूतच तर पडायचंय." ओल्या वाळूवर ज्यानं पाठ आपटून घेतलेली नाही त्यालाच ती मऊ वाटते. नुकतं पाणी ओसरलेली वाळू चोपलेल्या खळ्यासारखी घट्ट असते. म्हणून आधी रिकामी खोकी रचायची, त्यावर गादी, गादीवर वाळूच्या रंगाची चादर, आणि कॅमेरा असा लावायचा की चादरीची कड दिसू नये. खोकी रिकामीच हवीत. ती चेपतात आणि पडणाऱ्याचं वजन स्वतःवर घेतात. म्हापशातल्या वाण्यांकडून आठवडाभर गोळा केली होती.

फिल्म अठरा मिनिटांची, पेडणे-म्हापशाच्या मुलांनी पदरचे पैसे घालून चालवलेली. तीत साडेतीन मिनिटांची एक फाईट, आणि ती बसवायचं काम माझ्याकडे. वीस वर्षं कराटे शिकवते आहे, तरी सकाळी पोटात गोळा होता.

पहिलीच अडचण पायाची. मावाशी गेरी, म्हणजे गोल फिरवून मारायची लाथ, मारताना उभ्या पायाचा चवडा वळला पाहिजे. वाळूत तो रुततो. वरचं अंग वळतं, पाऊल वळत नाही, आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. नायिका झालेल्या मुलीनं दोनदा लाथ मारली आणि तिसऱ्या वेळी तिचा चेहरा बघून मीच थांबवलं. शेवटी प्लायवूडची फळी आणवली, वाळूत पुरली, वर जेमतेम बोटभर वाळू पसरली. लाथ सुटली. पण आता लढायचं ते त्या फळीभोवतीच, त्यामुळे ठरवलेली निम्मी चाल जागच्या जागी बदलावी लागली.

समुद्र तर थांबतच नाही. सकाळी सहाला घेतलेल्या शॉटमध्ये पाणी पन्नास पावलं लांब, नवाच्या शॉटमध्ये ते पायाशी. पडद्यावर हे दोन शॉट चार सेकंदांच्या अंतरानं येणार. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा होत जाते, म्हणून उद्या तोच समुद्र मिळवायला तेवढंच उशिरा लावायचं, पण मग ऊन बदललेलं असतं. दोन्ही एकदम हाताला लागत नाहीत. आम्ही पाणी धरलं, ऊन सोडलं.

मंगळवार

आज आबांना घेऊन गेले. चौऱ्याहत्तर पूर्ण झाली, गुडघे गेले आहेत, पण शूटिंग आहे म्हटल्यावर सकाळी चारलाच पायजमा-सदरा घालून दारात उभे. सुरूच्या सावलीत खुर्ची टाकून दिली.

आबांनी तीस वर्षं दशावतारात राक्षस केला. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की आज या गावात तर उद्या पलीकडच्या. घरी यायचे ते पहाटे, कानामागे रंग तसाच. मी लहान असताना मला त्याचा राग यायचा. सगळ्या वाडीदेखत माझा बाप रोज रात्री हरायचा. मारणारा राजा उजळ मुकुटाचा, टाळ्या त्याला, आणि आबा धाडकन खाली. पण ते पडणं मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आजही डोळे मिटले की दिसतं. आधी तलवार हातातून सुटायची, मग डावा गुडघा, मग कुल्ला, मग खांदा, आणि डोकं सगळ्यात शेवटी, तेही हनुवटी छातीला लावून. मृदंगाच्या नेमक्या थापेवर. कराटेच्या पहिल्या वर्गात सरांनी पडायला शिकवलं तेव्हा मला ते आधीच येत होतं. कुठून येतं ते सरांना सांगायला मात्र मी लाजले. आज इथं लिहिते आहे.

दुपारी आम्ही सकाळचे शॉट आवाजाशिवाय पाहत होतो. माझ्या मुलांचे ठोसे वेगवान, स्वच्छ, अगदी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळावेत असे. पडद्यावर त्यातलं काही दिसतच नव्हतं. दोजोत, म्हणजे कराटेच्या वर्गात, आम्ही जन्मभर हेच शिकवतो की हेतू लपवा. खांदा हलू देऊ नका, ठोसा कमरेपासून सरळ सुटू दे, समोरच्याला कळायच्या आत तो पोचला पाहिजे. कॅमेऱ्यापुढे हे सगळं उलटं. हात मागे गेलेला दिसला पाहिजे, डोळ्यांनी आधी जागा दाखवली पाहिजे, बघणाऱ्याला धास्ती भरायला अर्धा श्वास मिळाला पाहिजे. ठोसा तोंडापासून वीतभर लांबून जातो. कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा खाणाऱ्याच्या खांद्यामागून लावला की ती वीत मिटते, बाजूनं लावला की उघडी पडते. पण कॅमेरा कितीही नेमका लावा, मार खाणाऱ्यानं मान क्षणभर आधी वळवली की खोटेपणा कळतोच.

आबांनी तो तुकडा तीनदा बघितला आणि म्हणाले, "मारपी कोणूय मेळटा, बाय. पडपी मेळना."

मारणारा कोणीही मिळतो, पडणारा मिळत नाही. मी दोन दिवस मारणारीला शिकवत होते. खलनायक झालेल्या मुलाला एवढंच सांगितलं होतं की तू पड.

मग आबांनी त्याला जवळ बोलावलं. तो दिवसा गॅरेजमध्ये कामाला असतो, नखांतलं काळं जात नाही म्हणून हात मागे लपवतो. आबांनी मांडीवर ताल धरला आणि त्याला त्यावर चालायला लावलं, नुसतं चालायला. मग तालावर थांबायला. मग तालावर मान वळवायला. अर्ध्या तासानं त्याच मुलानं तोच ठोसा घेतला आणि कॅमेऱ्यामागची मुलगी "अगं आई" म्हणून ओरडली. तिला वाटलं, खरंच लागलं.

हाँगकाँगच्या फाईट मला लहानपणापासून का आवडतात, ते मला आज कळल्यासारखं झालं. जॅकी चॅन आणि सॅमो हंग एकाच चिनी ऑपेराच्या शाळेत वाढले, यू जिम-युएन यांच्या हाताखाली. तिथं कोलांट्या, शस्त्रं, गाणं सगळं एकत्र शिकवत आणि मारामारी ढोल-झांजांवर बसलेली असे. घाव, घाव, घाव, आणि एकदम पुतळ्यासारखं थांबणं. पुढे ही माणसं सिनेमात आली तेव्हा तो ताल सोबत घेऊन आली. म्हणून त्यांच्या फाईटमध्ये श्वास घ्यायला जागा असते आणि कोण कुठं आहे हे कधी हरवत नाही. आमच्या दशावतारातही युद्ध लागलं की मृदंग-झांज चढते, दोघे फेर धरतात, तलवारी भिडतात आणि क्षणभर दोघंही थिजतात. लहानपणी मला ते थांबणं म्हणजे वेळकाढूपणा वाटे. पेडण्यातलं पोर असून मला ते कळायला हाँगकाँगवरून फिरून यावं लागलं, याचं वाईट वाटतंय आणि बरंही वाटतंय.

'एंटर द ड्रॅगन' (१९७३) मध्ये तळघरातल्या हाणामारीत ब्रूस ली एकाला केसांना धरून मान मोडतो. तो पोरगा म्हणजे तरुण जॅकी चॅन. आणि सुरुवातीच्या लढतीत ब्रूस लीकडून हरतो तो सॅमो हंग. पुढे ज्यांनी ॲक्शनची आख्खी तऱ्हा बदलली ते दोघंही त्या सिनेमात पडणारे होते. आबांना सांगितलं तर त्यांनी नुसती मान डोलावली. त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही.

बुधवार

आज लागलं. अकराव्या टेकला.

चूक माझी. दहा टेक झाले होते, दोघंही दमले होते, आणि पाणी वर यायला लागलं म्हणून मी "एकच, शेवटचा" म्हटलं. दमलेल्या माणसाचं अंतर पहिल्यांदा सुटतं. वीतभर लांब जाणारी मूठ चार बोटांवर आली आणि पाचव्या चालीला त्याच्या गालाच्या हाडावर बसली. रक्त नाही, पण डोळ्याखाली लगेच फुगलं. बर्फ लावला, डॉक्टरांकडे नेऊन आणलं, डोळा ठीक आहे. दिवसाचं काम तिथंच बंद केलं. मुलगी रडत होती. तो मुलगाच तिला समजावत होता, "तुझा हात बरोबर होता, मी पुढे आलो." खरं तर तो पुढे आलाच नव्हता, मी बघत होते.

मला सारखी ललिता पवारांची आठवण येत होती. १९४२ साली एका शूटिंगमध्ये थप्पड खरोखरच जोरात बसली. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, वर्षानुवर्षं उपचार चालले, डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेची कामं गेली. त्याच डोळ्याची सासू म्हणून आपण सगळ्यांनी त्यांना ओळखलं, घाबरलो, वाहवा केली. त्या डोळ्यामागे एक न मोजलेलं अंतर होतं हे मला कितीतरी उशिरा कळलं.

आणखी एक लिहायचं राहिलंय, तेही आजच लिहिते. बऱ्याच वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या एका मोठ्या युनिटनं माझी चार मुलं हाणामारीच्या गर्दीसाठी घेतली होती. जांभ्या दगडाच्या चार पायऱ्यांवरून मागे पडायचं. मी गादीचं विचारलं तर म्हणाले, फ्रेममध्ये येते. खोकी मागितली, तर वेळ नाही. माझा सतरा वर्षांचा विद्यार्थी पडला, घाबरून त्यानं हात मागे टेकला आणि मनगट मोडलं. शॉट ओके झाला. प्लास्टरचे पैसे त्याच्या वडिलांनी भरले. मी तेव्हा नको म्हणायला हवं होतं. एवढे लाइट, एवढी माणसं, मोठी नावं बघून माझी जीभ रेटली नाही. तो मुलगा आज भेटला की अजून वाकून नमस्कार करतो, आणि माझी नजर त्याच्या मनगटाकडे जाते.

म्हणून आमचा नियम आता असा आहे की आठ टेकनंतर थांबायचं. नववा नाही, समुद्र कुठंही असो. आज मी तो मोडला.

गुरुवार

सूज उतरेपर्यंत त्याला सुट्टी. आज फक्त आवाज आणि पावडर.

पावडरची गंमत मुलांना फार आवडली. काळ्या सदऱ्यावर टाल्कम थापायची. लाथ छातीला नुसती टेकली तरी उन्हात धुरळ्याचा ढग उठतो आणि जोर दिसतो. जुन्या कुंगफू सिनेमांत कपड्यांतून धूळ उडते ती बऱ्याचदा अशीच. शॉट सेकंदाला चोवीसऐवजी बावीस फ्रेमनं घेऊनही पाहिला. चोवीसनं दाखवला की चाल साधारण नऊ टक्के वेगवान होते आणि डोळ्याला फसवणूक कळत नाही. त्याखाली गेलं की माणसं बाहुल्यांसारखी तुरुतुरु दिसतात. मला बावीसही नको वाटलं. लाटा मागे आहेत ना, त्या खोटं बोलत नाहीत. आम्ही चोवीसवरच परत आलो.

शुक्रवार, रात्री

तो आला. डोळ्याखाली निळं-पिवळं, मेकअपवाल्या मुलीनं आधी झाकलं, मग मीच पुसायला सांगितलं. गोष्टीत या वेळेपर्यंत त्यानं मार खाल्लेलाच आहे, खरं आहे ते राहू दे.

आज शेवटची पडझड होती, होडीच्या काठावरून मागे. खोकी दोन थरांत, गादी, चादर. चादरीवरून मी स्वतः हात फिरवला, मग आबांनी खुर्चीवरून उठून काठी टेकत येऊन फिरवला. पहिला टेक बरा. दुसऱ्यात त्याचा पाय होडीच्या दोरात अडकला. तिसऱ्यात लाथ आली, पावडरचा ढग उठला, तो क्षणभर तसाच काठावर थांबला. कोणी सांगितलं नव्हतं. आबांची थाप मांडीवर पडली, आणि मग तो गेला. गुडघा, कुल्ला, खांदा, हनुवटी छातीला. मला आमच्या देवळासमोरचा मांडव दिसला. कट म्हणायचं विसरले. कॅमेरावाल्यानं म्हटलं.

परतताना गाडीत आबांना सांगितलं की ऑस्करमध्ये आता स्टंटसाठी वेगळा पुरस्कार येतोय. गेल्या वर्षी नाही, यंदा नाही, २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या सिनेमांपासून, म्हणजे शंभराव्या सोहळ्यात. १९२९ पासून चाललेल्या सोहळ्यात पहिल्यांदा.

"कुणाला देणार?" त्यांनी विचारलं. "मारामारी बसवणाऱ्याला की पडणाऱ्याला?"

नावच स्टंट डिझाइन आहे, म्हणजे बसवणाऱ्याला, मी म्हटलं. ते बराच वेळ बाहेर बघत राहिले. पालयेच्या वळणावर म्हणाले, "तुमच्या फिल्मच्या शेवटी त्या पोराचं नाव मोठ्या अक्षरात घाल." घालणार आहे. खोकी देणाऱ्या वाण्यांची नावंही.

उद्या दोन शॉट उरलेत, पाणी आजच्यापेक्षा पन्नास मिनिटं उशिरा ओसरेल. शेवटच्या पडण्यात खोक्यांचा खालचा थर चेपला, आणि पॅकअपला भरतीचं पाणी लागून चार भिजली. ती पडवीत सुकत टाकली आहेत. आबा अजून झोपलेले नाहीत. दिव्याखाली बसून फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावताहेत, आणि प्रत्येक खोकं बंद करण्याआधी आत हात घालून रिकामं आहे ना ते बघताहेत.