तळाचा खडा

उसाच्या रसाचा शेवटचा घोट मी पीत नाही. बायको त्याला माज म्हणते. परवा दुपारी रसवंतीत तिने डोळे वटारले म्हणून प्यायलो, आणि दाताखाली कचकन खडा आला.

हा हट्ट मावशीच्या लग्नापासूनचा. मांडवामागे कोकम सरबताचं पिंप होतं आणि बर्फाची लादी आणायला मामाबरोबर मी. कारखान्यातून निघालेली लादी भुशात लोळवली, गोणपाटात गुंडाळली आणि सायकलच्या कॅरियरला सुतळीने आवळली. कडा स्वच्छ, आरपार. मधोमध पांढरं धुकं आणि त्यात बारीक बुडबुडे. वाटेत ती रस्त्यावर आपटली. मामाने धुतल्यासारखं केलं आणि दिली पिंपात सोडून. पंगती उठेपर्यंत लादी गायब. तळाशी भुसा, सुतळीचा तुकडा आणि गावच्या रस्त्याची खडी. वऱ्हाडी म्हणाले, सरबत झकास!

भूवैज्ञानिक अशाच खड्यांच्या मागे असतात. समुद्रतळाच्या मऊ गाळाचे पातळ थर आणि मध्येच एक धोंडा, खालचे थर दाबून बसलेला. तो पाण्याबरोबर वाहत आलेला नाही. तरंगत्या बर्फाने आणला आणि वितळताना सोडला. नामिबियात, दक्षिण ऑस्ट्रेलियात बर्फाने टाकलेला असा माल आहे. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स डोंगररांगांतल्या खडकांचं चुंबकत्व तर सांगतं, की तो गाळ साचला तेव्हा ती जागा विषुववृत्ताजवळ होती. विषुववृत्तावर बर्फ! अमेरिकी भूवैज्ञानिक जोसेफ किर्शविंक यांनी १९९२ मध्ये त्या गोठलेल्या पृथ्वीला ‘स्नोबॉल अर्थ’, म्हणजे बर्फाचा गोळा, म्हटलं.

पहिला गारठा सुमारे ७१.७ कोटी वर्षांपूर्वी पडला आणि साडेपाच कोटी वर्षांहून जास्त टिकला. मग थोडी उसंत, मग दुसरा; तो ६३.५ कोटी वर्षांपूर्वी संपला. सोडवलं ज्वालामुखींनी. ते कार्बन डायऑक्साइड ओकत राहिले, आणि एरवी ज्या खडकांची झीज होताना तो शोषला जातो, ते खडकच बर्फाखाली. साठता साठता असा उकाडा झाला, की बर्फाने टाकलेल्या दगडगोट्यांवर थेट उबदार समुद्रातला डोलोमाइट, चुनखडीसारखा खडक, चढला.

मग प्राणी आले. बर्फामुळे की बर्फ असूनही, यावर विद्वान भांडतात, भांडोत बापडे. मला त्यातला डिकिन्सोनिया आवडतो. लंबगोल, चपटा, अंगभर वळ्या, कधी नखाएवढा तर कधी मीटरभर. रशियात श्वेत समुद्राकाठी सापडलेल्या ५५.८ कोटी वर्षं जुन्या डिकिन्सोनियात कोलेस्टेरॉलचे अंश असल्याचं २०१८ मध्ये दिसलं, आणि तो प्राणीच, यावर शिक्कामोर्तब झालं. माझ्या रिपोर्टात तेच दिसलं तर डॉक्टर वडापाव बंद करतात. त्याला तोंड नव्हतं. सूक्ष्मजीवांच्या चिकट थरावर पसरायचं आणि अंगानेच जिरवायचं, असं मानतात. ना चावणं, ना पाठलाग.

त्याच काळातली चार्निया, पिसासारखी, इंग्लंडमधल्या चार्नवुडच्या जंगलात एका खडकावर उमटली होती. १९५६ मध्ये एका शाळकरी मुलीने ती पाहिली आणि शाळेत विचारलं. इतक्या जुन्या खडकात जीवाश्म नसतातच, असं उत्तर मिळालं. पुढच्या वर्षी तिथे चढाईला गेलेल्या मुलांना तीच दिसली. त्यांतल्या एकाचे वडील विद्यापीठातल्या भूवैज्ञानिकाला ओळखत होते. जीवाश्माच्या शास्त्रीय नावात त्या मुलाचं, रॉजर मेसनचं, नाव लागलं: चार्निया मेसोनी.