तेवीस किलो म्हणजे पन्नास पाउंड नव्हेत

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं सांगलीहून निघालो ते चार बॅगा घेऊन. मुलगा न्यू जर्सीत एडिसनला, भाची शिकागोला. यंदाची दिवाळी तिच्याकडंच, हे तिनं वर्षभर आधीपासून बजावून ठेवलेलं. 'मावशी, भाजणी तुझ्या हातचीच आण,' हेही. आता एडिसनच्या ओक ट्री रोडवर चकलीची भाजणी काय, अनारशाचं पीठसुद्धा मिळतं, हे मला गेल्या खेपेपासून माहीत आहे. तरी नेली. त्याचं कारण ज्यांना भाची आहे त्यांना सांगायला नको.

मुंबई ते न्यूअर्क तिकिटावर माणशी दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो. घरी लटकवायचा काटा आहे. तो हातात धरून बॅग उचलायची, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखायचा, मग एक पुडा काढायचा, दुसरा घालायचा, असं दोन संध्याकाळी चाललं होतं. चारही बॅगा २३ च्या आसपास आणल्या. एक २३.४ होती. मुंबईच्या काउंटरवरच्या पोरानं तिच्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं आणि पट्टी बांधली. तिथंच आमची समजूत झाली की जमलं.

न्यूअर्कला उतरल्यावर कस्टममध्ये खाण्याचे पदार्थ आहेत हे सरळ सांगितलं. मांस आहे का, ताजी फळं आहेत का, एवढं विचारून सोडलं. तांदूळ मात्र नेऊ नका, आंबेमोहर असला तरी. आपल्याकडून येणाऱ्या तांदळातून खपरा भुंगेरा ही धान्यातली कीड तिकडं शिरेल याची त्यांना धास्ती आहे, त्यामुळं प्रवाशांच्या बॅगेतला तांदूळ काढूनच घेतात.

खरी गंमत शिकागोच्या विमानाला. हे तिकीट मुलानं वेगळं काढलं होतं, आणि आमची चूक इथंच झाली. तिकडच्या देशांतर्गत प्रवासात तिकीट म्हणजे फक्त बसायची जागा. आम्ही गेलो तेव्हा पहिल्या बॅगेला साधारण ३५ डॉलर पडत, दुसरीला ४५. तेव्हाच्या भावानं पहिलीच तीन हजार रुपयांच्या वर गेली. ऑनलाइन आधी भरले नाहीत आणि काउंटरवर गेलात, तर काही कंपन्या आणखी पाच डॉलर घेतात. पोरगा आदल्या रात्री कामात होता, विसरला. आम्ही दोन बॅगा एडिसनला ठेवून दोनच घेतल्या होत्या, त्यांचे ८० डॉलर झाले.

मग ती २३.४ वाली काट्यावर चढली. तिथला काटा पाउंडात. मर्यादा ५० पाउंड, आकडा आला ५१.५. काउंटरवरची मुलगी हसतमुखानं म्हणाली, शंभर डॉलर, नाहीतर दीड पाउंड कमी करा. मी म्हटलं, अगं, तेवीस किलोला तर मुंबईत चालतं. तेव्हा उजेड पडला की ५० पाउंड म्हणजे २२.६८ किलो. बरोबर २३ भरलेली बॅगसुद्धा ५०.७ पाउंड होते. म्हणून अमेरिकेत पुढं उडायचं असेल तर घरीच साडेबावीसवर थांबा. आपला काटा आणि त्यांचा काटा यांतही शे-दोनशे ग्रॅमचं भांडण असतंच.

विमानतळाच्या फरशीवर बॅग उघडली. मागं रांग, यांचा चेहरा भिंतीकडं. वरच काय सापडलं तर भाजणीचे दोन पुडे आणि मेतकूट. लोणच्याची बरणी हातात आली होती, पण ती मी परत आत खुपसली, कारण हातातल्या सामानात १०० मिलिलिटरच्या वर ओलं काही चालत नाही, लोणचं त्यातच धरतात. पुडे माझ्या खांद्यावरच्या पिशवीत गेले. बॅग ४९ वर आली आणि शंभर डॉलर वाचले म्हणून मी खूश.

खुशी सुरक्षा तपासणीपर्यंत टिकली. हातातल्या सामानात ३५० मिलिलिटरच्या वर पूड असेल तर ती वेगळ्या ट्रेमध्ये काढून ठेवायची असते, हे आमच्या गावीही नव्हतं. पिशवी बाजूला ओढली गेली. निळे हातमोजे घातलेल्या माणसानं पुडा बाहेर काढला, उलटसुलट केला, कापडाची चिंधी त्यावर फिरवून यंत्रात घातली. काय आहे विचारलं. भाजणी या शब्दाला इंग्रजी शोधता शोधता मी 'भाजलेलं पीठ' एवढंच म्हटलं. त्यानं पुड्याचं तोंड किंचित उघडलं, आणि धणेजिऱ्याचा वास त्या अख्ख्या कोपऱ्यात पसरला. शेजारची तपासणारी बाई मान वळवून बघायला लागली. वीस मिनिटं गेली, पण पुडे मिळाले. पूड न्यायचीच असेल तर विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात न्या. हातात न्यावीच लागली तर आधीच काढून ट्रेमध्ये ठेवा आणि वेळ हाताशी ठेवा.

शिकागोत भाचीच्या नवऱ्यानं या बॅगांच्या पैशांचा हिशेब समजावून सांगितला, तो मला फार पटला. २००८ साली तेलाचा भाव बॅरलला १४७ डॉलरपर्यंत चढला. त्या वर्षी अमेरिकन एअरलाइन्सनं पहिल्या बॅगेला १५ डॉलर लावले आणि बाकीच्या मोठ्या कंपन्या एकामागून एक तिच्या मागं गेल्या. पुढं तेल उतरलं, बॅगेचे पैसे नाही उतरले. २०२४ पर्यंत ते ३५ वर पोचले. त्यात आणखी एक मेख आहे: देशांतर्गत तिकिटाच्या भाड्यावर तिथं साडेसात टक्के केंद्रीय कर बसतो, बॅगेच्या पैशांवर नाही. मग तीच रक्कम भाड्यातून घेण्यापेक्षा बॅगेतून घेतलेली कंपनीला बरी पडते. २०२३ मध्ये तिथल्या कंपन्यांनी नुसत्या बॅगांवर सात अब्ज डॉलरच्या वर गोळा केले. साउथवेस्ट ही कंपनी तेवढी दोन बॅगा फुकट नेत होती. तिनंही २०२५ च्या २८ मेपासून पैसे लावले. भाची आजवर मुद्दाम तिचीच तिकिटं काढायची. आता म्हणते, मावशी, निष्ठा कुणाशी ठेवू?

ज्यांना आमच्यासारखं दोन गावं करायची आहेत, त्यांच्यासाठी महत्त्वाचं हे. पुढचा अमेरिकेतला टप्पा वेगळा काढू नका. मुंबई, न्यूअर्क, शिकागो आणि परत असं सगळं एकाच तिकिटावर काढा. अमेरिकेतून सुरू होणाऱ्या किंवा अमेरिकेला शेवट होणाऱ्या प्रवासात, एका तिकिटावर पहिल्या टप्प्याला बॅगांचा जो नियम लागतो तोच शेवटपर्यंत लागला पाहिजे, असा तिथल्या सरकारचा नियम आहे, मध्ये आठ-दहा दिवस मुक्काम असला तरी. असं तिकीट बघताना भाडं जास्त दिसेल. घाबरू नका, बॅगांचे पैसे मिळवून मग तुलना करा. दोघांच्या दोन-दोन बॅगा, जाऊन-येऊन, हे तेव्हाच्या दरानं ३२० डॉलर होत होते. आपले अठ्ठावीस हजार. तिकिटावर '२ पीसी', म्हणजे दोन बॅगा, असं लिहिलंय का, एवढं डोळ्यांनी बघा. एजंट 'सामान आहे हो' म्हणतो त्यावर जाऊ नका.

मुलाकडं एखाद्या कंपनीचं क्रेडिट कार्ड असेल तर पहिली बॅग फुकट मिळू शकते, पण बहुतेक ठिकाणी त्यासाठी तुमचं आणि त्याचं नाव एकाच बुकिंगवर लागतं. आणि बॅगेचे पैसे भरूनही ती देशांतर्गत विमानानंतर बारा तासांत हाती आली नाही, तर पैसे परत मिळतात. त्यासाठी विमानतळ सोडण्याआधी तक्रार नोंदवून घ्या.

परतीचं शिकागो-न्यूअर्क तिकीट आणखी स्वस्त कंपनीचं होतं. तिथं तर सीटखाली मावेल एवढी एकच पिशवी फुकट. गेटपाशी लोखंडी चौकट ठेवलेली. पिशवी तिच्यात बसली नाही की पैसे, आणि गेटवरचा दर सगळ्यांत चढा. आम्ही मोठ्या बॅगेचे पैसे बुक करतानाच भरले होते. पण यांची पाठीवरची सॅक भाचीनं चॉकलेटं कोंबून फुगवलेली. हे शांतपणे बाजूला गेले, कोट अंगात घातला आणि त्याच्या खिशांत गोळ्यांचा डबा, दोन चार्जर, पॉवर बँक आणि अर्धा किलो चॉकलेट भरलं. कमरेपाशी दोन्हीकडं फुगलेला माणूस चौकटीपुढून डुलत गेला. माणसाला चौकट नव्हती. आमच्या पुढं एक कॉलेजची पोरगी होती. तिची बॅग चाकांपुरती बाहेर राहिली. तिनं ती तीनदा दाबून बघितली, मग फोन काढला आणि घरी कुणाला तरी कार्डाचा नंबर विचारायला लागली. तिच्याकडं बघवेना.

चाकांवरून आठवलं. बॅगेचं स्वतःचं वजन तुमच्याच खात्यात पडतं. आमची जुनी कडक बॅग रिकामीच पाच किलो होती. ती एडिसनलाच ठेवून आले.

परतीला मुंबईहून कोल्हापूरचं विमान घ्यायचा मोह झाला होता. पण देशांतर्गत विमानाला आपल्याकडं साधारण १५ किलो, हातात ७. एअर इंडियाची २० ची मर्यादा होती, तीही २०२४ च्या मे महिन्यात स्वस्त तिकिटांवर १५ झाली. वेगळं तिकीट म्हणजे वेगळा नियम, हे शिकागोनं शिकवलेलं होतंच. अमेरिकेहून माणशी ४६ किलो आणायचं आणि मुंबईत त्यातल्या ३१ किलोंचे किलोवारी पैसे मोजायचे, त्यापेक्षा गाडी केली.

पहाटे पाचला गाडीवाला आला. त्यानं बॅगांकडं बघितलं, डिकी उघडली, दोन आत ढकलल्या, उरलेल्या दोन कॅरियरवर चढवल्या आणि दोरी आवळत म्हणाला, 'काका, कॅरियरचे दोनशे वेगळे होतील.'

हे म्हणाले, 'ऑनलाइन आधी भरले असते तर कमी झाले असते का रे?'