जुना डेस्कटॉप, घरचा सर्व्हर

आजचा रविवार जुन्या डेस्कटॉपचा सर्व्हर करण्यात गेला. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर वेगळं कार्ड सरळ काढा, नुसतं बसूनही ते वीज खातं. ४० वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला जवळपास २९ युनिट! डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकताना डेस्कटॉपची, म्हणजे खिडक्या-आयकॉनवाल्या स्क्रीनची, टिक काढायची, एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून या मशीनमध्ये शिरायची सोय) ठेवायचं.

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘वीज आली की चालू’ लावूनही लाईट आल्यावर मशीन ढिम्म? आधी मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बघा. तो संपला की वीज जाताच सेटिंगच पुसली जाते. नवा टाका, सेटिंग परत लावा.

डिस्क १० मिनिटांनी झोपवायला एचडीपार्ममध्ये (डिस्कच्या सेटिंगची लिनक्स कमांड) आकडा १२० द्या. तिथे एकक ५ सेकंदांचं आहे. त्याहून घाई नको, सारखी थांबून-सुरू होऊन डिस्क झिजते.