सामायिक वस्तू आणि सभासदत्वाचा प्रश्न

ठाणे, रविवार

आज सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत बाकीचे विषय भराभर उरकले, पण ड्रिल मशीन, घडीची शिडी आणि सामान वाहण्याची ट्रॉली सर्वांसाठी विकत घेण्याचा ठराव तासभर रेंगाळला. वर्षाकाठी दोन-चार भोके पाडण्यासाठी घरोघरी स्वतंत्र ड्रिल बाळगणे निरर्थक आहे, हे सर्वांना मान्य होते. ‘सगळ्यांची वस्तू म्हणजे कुणाचीच नाही,’ असे म्हणत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सभागृहातल्या कॅरमकडे बोट दाखवले, ज्याचा स्ट्रायकर गायब आहे आणि सोंगट्यांच्या जागी बाटल्यांची बुचे आली आहेत.

काकांचेच म्हणणे अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडले होते: सामायिक कुरणात जो तो आपली जनावरे वाढवत जातो आणि अखेर कुरणच उजाड होते. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र स्वित्झर्लंडमधली डोंगरकुरणे आणि स्पेनमधले पाटपाणी अभ्यासून दाखवले की, वापरणाऱ्यांनीच नियम ठरवले, एकमेकांवर लक्ष ठेवले आणि चुकणाऱ्याला आधी सौम्य, मग कडक दंड केला, तर अशी संपत्ती पिढ्यानपिढ्या टिकते. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आमच्या कॅरमला साधी नोंदवहीही नव्हती; ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय मात्र १८९३ पासून पुस्तके घरी देते आणि परत घेते. (मोबाइलवरून तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या सायकलीला मी या पंक्तीत बसवणार नाही; तिथे मालक एकच असतो आणि नियमही त्याचेच.)

घरी आल्यावर कपाटातले सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट काढून पाहिले. त्यावर प्रत्येकी पन्नास रुपयांचे पाच शेअर, मागे आधीच्या सभासदाचे नाव, हस्तांतराची नोंद आणि सचिवांची सही. अभिहस्तांतरण (बिल्डरकडून सोसायटीकडे मालकी सोपवणे) झाल्यापासून जमीन आणि इमारत सोसायटीच्याच नावावर आहे. म्हणजे ज्याला आम्ही स्वतःचे घर म्हणतो, तेही या सामायिक व्यवस्थेवरच उभे आहे.

अनामत रक्कम आणि वॉचमनकडे नोंदवही, या अटींवर ठराव मंजूर झाला. एक मुद्दा मात्र पुढच्या सभेवर ढकलला गेला: लीव्ह-लायसन्सवर, म्हणजे भाड्याने, राहणाऱ्या कुटुंबांना या वस्तू द्यायच्या की नाहीत? सतत घर बदलणाऱ्या या लोकांनाच शिडी आणि ट्रॉली सर्वाधिक लागते, पण सभासद नसल्यामुळे त्यांना मत नाही. त्यांनाही त्याच अनामतीवर वस्तू मिळाव्यात, असे पत्र मी उद्या सचिवांना देणार आहे.