आधी उतार, मग चढ: इंदूरच्या सायकल हंगामाची नोंदवही

इंदुरात घाट चढायचा तर आधी उतरावं लागतं. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, माळव्याच्या पठारावर. खंडवा रोडने तेजाजी नगर, सिमरोल मागे टाकलं की भेरूघाट खाली चोरलकडे सुटतो आणि पुढे बडवाहपर्यंत निमाडचा सखल प्रदेश. पाय ताजे असतात तेव्हा उतार मिळतो. परतताना ऊन वर आलेलं, बाटल्या तळाला गेलेल्या, आणि समोर तोच घाट. पुणेकरांचे प्लॅन (सकाळी सिंहगड, मग घरंगळत घरी) इथे जसेच्या तसे उचलले तर आठ-दहा आठवड्यांनीही घाटात तीच रडकथा राहते.

म्हणून या हंगामात मुख्य आकडा ताज्या पायांचा धरला नाही, थकलेल्या पायांचा धरला. लक्ष्यं दोन, दोन्ही फेब्रुवारीतली: ४० किमीची एकट्याची टाइम ट्रायल (घड्याळाशी शर्यत) आणि २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राइड).

पावसाळा: चेन आणि ट्रेनर

जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची राइड पायांपेक्षा चेनला महाग पडते. काळी माती ओली असताना ब्रेकखाली आणि मडगार्डच्या फटीत थापली जाते, आणि वाळली की तिची बारीक पूड तेलात मिसळून पॉलिश पेपरचं काम करते. राइडनंतर लगेच साध्या पाण्याने धुवायचं, प्रेशरचा फवारा बीबी (पेडलच्या दांड्यांमधलं बेअरिंग) आणि हबवर (चाकाच्या मध्यावर) मारायचा नाही, कारण सीलमधून पाणी आत गेलं की ग्रीस वाहून जातं. चेन कापडाने कोरडी करायची, प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल, दहा मिनिटं थांबून बाहेरचं सगळं पुसून काढायचं. तेल रोलरच्या आत हवं, बाहेर राहिलेलं तेल फक्त माती गोळा करतं.

झीज मोजायला खास गेज नसलं तरी स्टीलची पट्टी चालते. नव्या चेनच्या दहा पूर्ण जोड्या, म्हणजे पहिल्या पिनेपासून एकविसाव्या पिनेपर्यंत, बरोबर २५४ मिमी. अकरा किंवा बारा स्पीडला ०.५ टक्का, म्हणजे २५५.३ मिमीच्या आसपास, आलं की चेन बदलायची. आठ ते दहा स्पीडला ०.७५ टक्क्यापर्यंत ताणता येते. चेन स्वस्त, कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) महाग. उशीर केला की नवी चेन जुन्या दातांवरून उडी मारते आणि दोन्ही घ्यावं लागतं.

ट्रेनरवर (घरात सायकल जागीच चालवायच्या स्टँडवर) समोर मोठा पंखा नसेल तर व्यायामाचे आकडे खोटे. अंगावरची हवा थांबली की पॉवर तीच ठेवूनही हार्ट रेट वर सरकत जातो.

सप्टेंबर-ऑक्टोबर: हळू, पण खरंच हळू

या हळूची हद्द ठरवायला दोन रस्ते. पॉवर मीटर असेल तर २० मिनिटं पूर्ण जोर, सरासरी गुणिले ०.९५ म्हणजे एफटीपी (साधारण तासभर टिकेल तितका जोर). फक्त हार्ट रेटचा पट्टा असेल तर एकट्याने ३० मिनिटं सलग, आणि शेवटच्या २० मिनिटांचा सरासरी हार्ट रेट तो थ्रेशोल्ड. झोन २, म्हणजे हलका जोर: एफटीपीच्या ५६ ते ७५ टक्के, किंवा थ्रेशोल्ड हार्ट रेटच्या ८१ ते ८९ टक्के. सुपर कॉरिडॉर हा रस्ता रुंद आहे, पण मधले चौक चाचणी मोडतात. सलग ३० मिनिटं हवी असतील तर ट्रेनर बरा.

हंगामाच्या सुरुवातीची नोंद: वजन ७२ किलो, ताज्या पायांनी २० मिनिटांना २३६ वॉट, म्हणजे एफटीपी २२४. मग खरी चाचणी. तीन तास साधारण १४० वॉटने, म्हणजे सुमारे १५०० किलोज्यूल खर्च करून, त्यानंतर तीच २० मिनिटं. आकडा २०३. चौदा टक्के गायब. घाटात जे होतं ते इथे कागदावर दिसलं.

दुसरी तपासणी लांब राइडच्या फाइलवर करता येते. राइडचे दोन सारखे भाग पाडायचे, प्रत्येकात सरासरी पॉवर भागिले सरासरी हार्ट रेट काढायचं. दुसऱ्या भागात हे गुणोत्तर पाच टक्क्यांपेक्षा जास्त पडलं तर बेस कच्चा आहे, किंवा पाणी कमी पडलं, किंवा ऊन होतं. तिन्हीतलं कोणतं ते ओळखायला एकाच रस्त्यावर, एकाच वेळेला, सारख्या बाटल्या घेऊन तुलना करायची.

ग्रुप राइडमध्ये झोन २ टिकत नाही, हे सांगून घ्यावं. देवासच्या दिशेने वीस जण निघाले की पहिल्या उड्डाणपुलावर शर्यत लागते. मागे बसणाऱ्याला हवेची आड बरीच मिळते, वेग तोच ठेवून पाव ते एक तृतीयांश जोर वाचतो, पण पुढे आलं की सगळं वसूल होतं. आठवड्यातली एक राइड ग्रुपला द्यावी, लांब राइड एकट्याने किंवा सारख्या ताकदीच्या एका जोडीदारासोबत.

गिअर

घाटात बसणाऱ्या बऱ्याच लोकांचा प्रश्न दमाचा नसतो, दातांचा असतो. हिशोब असा: रायडर ७२ आणि सायकल, बाटल्या, अवजारं धरून १०, एकूण ८२ किलो. ८ टक्के चढावर ताशी ९ किमीला सुमारे १८० वॉट लागतात. पुढे ३४ दात आणि मागे २८ असतील तर या वेगाला कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ५८ पडते. मागे ३४ बसवलं तर ७०. ५८ वर मांडीतली ताकद संपते आणि गुडघा कुरकुरतो. ७० वर तोच जोर थोडा थोडा वाटला जातो.

३४ दातांची कॅसेट बसवण्याआधी मागच्या डिरेलरची (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेची) कमाल मर्यादा बघायची, छोट्या केजला ती बहुधा झेपत नाही. चेनची लांबी डिरेलर बाजूला ठेवून मोजायची: सगळ्यात मोठं पुढचं, सगळ्यात मोठं मागचं, त्यावरून चेन ताणून जिथे जुळेल त्यात दोन लिंक वाढवायच्या. जुनीच चेन ठेवली आणि चुकून मोठं-मोठं गिअर पडलं तर डिरेलर किंवा तो जिथे अडकतो तो हँगर मोडतो. वरची पुली मोठ्या दातांना घासत खडखड करत असेल तर डिरेलरचा बी-स्क्रू आत फिरवायचा.

नोव्हेंबर-डिसेंबर: इंटरव्हल शेवटी

हंगामातला सगळ्यात मोठा बदल हाच. इंटरव्हल (ठरावीक वेळ जोर, मग विश्रांती) राइडच्या सुरुवातीला न ठेवता दोन-अडीच तासांनंतर ठेवले. आधी झोन २, मग १२ मिनिटांचे तीन, एफटीपीच्या ८८ ते ९४ टक्क्यांवर, मध्ये पाच मिनिटं सैल. दहा दिवसांतून एकदा, जास्त नाही. आठवड्यातली दुसरी कठीण राइड ताज्या पायांनी: ३० सेकंद जोर, १५ सेकंद हलकं, असे तेरा, असे तीन संच, मध्ये तीन-तीन मिनिटं विश्रांती. बाकी दिवस खरोखर हलके. मधल्या जोराचे, धड हलके नाहीत धड कठीण नाहीत असे दिवस काढून टाकले की कठीण दिवशी पाय मिळतात.

चढाच्या फेऱ्यांसाठी मानपूरच्या बाजूचा जानापाव चांगला. टेकडी ८५० मीटरच्या वर, चंबळेचा उगम म्हणून मानतात ती. चढ लहान पण उभा, आणि ट्रक नाहीत. कार्तिक पौर्णिमेला वर जत्रा असते, त्या दिवशी तिकडे फिरकू नये. आग्रा-मुंबई रस्त्याने गुजरीकडे उतरणारा घाट मात्र सायकलला नको. भरलेले ट्रक ब्रेक तापवत उतरतात तिथे.

भेरूघाट उतरताना वळणाच्या आधी ब्रेक संपवायचा, वळणात फक्त सायकल झुकवायची, बाहेरचा पाय खाली, वजन त्याच पायावर. ब्रेक धरून ठेवायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा. रिम ब्रेकमध्ये सतत धरलेल्या पॅडने रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते, डिस्कमध्ये पॅड चकाकून पकड जाते. डिस्क पॅडचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की नवा घ्यायचा. रस्त्याचं काम चालू असलेल्या तुकड्यावर वळणात मुरूम आणि गिट्टी पसरलेली असते. दिसल्यावर ब्रेक मारून उपयोग नाही, हँडल सरळ धरून पार व्हायचं.

काट्यांबद्दल. चोरलच्या बाजूला बाभूळ भरपूर, पंक्चर ठरलेलं. ट्यूब बदलण्याआधी भोक कुठे आहे ते वाचावं. बाहेरच्या बाजूला एकच भोक: काटा किंवा तार, अजून टायरमध्येच आहे, आतून कापड फिरवून शोधा. शेजारी-शेजारी दोन चिरा: हवा कमी होती, खड्ड्यात रिमने चावलं. रिमच्या बाजूला भोक: रिम टेप सरकली. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलं: पंप तिरका ओढला, त्याला पॅच लागत नाही. २८ मिमी टायर, ७२ किलो रायडर: मागे ७२ पीएसआय, पुढे ६८, ओल्या रस्त्यावर दोन्हीकडे पाच कमी. हुकलेस रिम (टायर धरायला आत कड नसलेली) असेल तर ७२.५ ही वरची मर्यादा, आणि टायर-रिम कंपनीने कमी सांगितली असेल तर ती. शंभर भरणारे अजून भेटतात. खडबडीत रस्त्यावर कडक टायर उड्या मारतो आणि प्रत्येक उडीत वेग जातो.

खाणं

थकलेल्या पायांचा आकडा ज्याने सगळ्यात जास्त सरकला ते बहुधा हेच. आधी तासाला ३५ ग्रॅम कार्बोहायड्रेटच्या आसपास खाणं होत होतं, ते हळूहळू ७० वर नेलं. एकदम नेलं तर पोट बिघडतं; दर आठवड्याला दहा ग्रॅम वाढवायचे.

महागड्या पाकिटांशिवाय भागतं. ७५० मिलीच्या बाटलीत ६० ग्रॅम साखर (सपाट पाच मोठे चमचे), पाव छोटा चमचा मीठ, अर्धं लिंबू. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मं-निम्मं असतं, आतडं दोन्ही वेगळ्या वाटेने शोषतं, म्हणून इतकं झेपतं. एक मध्यम केळं साधारण २५ ग्रॅम. जुलाबावरचं ओआरएस यासाठी अपुरं: लिटरमागे १३.५ ग्रॅमच ग्लुकोज, पोट रिकामंच राहतं. बाटली त्याच दिवशी गरम पाण्याने धुवायची, नाहीतर झाकणात बुरशी धरते.

निघण्याआधी अडीच तास पोहे. कोरडे ८० ग्रॅम म्हणजे सुमारे ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट. तेल कमी, शेंगदाणे मोजके आणि शेव नाही. इंदुरी माणसाला शेव सोडा म्हणणं धाडसाचं आहे, पण ती तळणी चढावर वर येते. जिलबीला हरकत घेणारा मी कोण, तीही राइडनंतर.

पाण्याचा हिशोब वजनकाट्यावर. राइडआधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत वजन, फरकात प्यायलेलं पाणी मिळवायचं, तो घाम. घट शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांत ठेवायची, इथे १.४ किलो. वजन वाढलं तर पाणी जास्त झालं, आणि तेही धोक्याचंच.

जानेवारी: चाचणी आणि हवा

ताज्या पायांची २० मिनिटं २४१. पाचच वॉट जास्त. १५०० किलोज्यूलनंतर २२४, म्हणजे घसरण १४ वरून ७ टक्क्यांवर. नुसती एफटीपी पाहिली असती तर हंगाम वाया गेला असं वाटलं असतं.

टाइम ट्रायलला जास्त वॉट मिळणार नव्हते, म्हणून उरलेलं काम बसण्यावर. सपाटीवर, वारा नसताना २२८ वॉटने हूडवर (ब्रेकच्या रबरी मुठींवर) हात ठेवून ताशी ३५ च्या आसपास. ड्रॉप्समध्ये (हँडलच्या खालच्या वाकात) हात धरून, कोपर वाकवून, हनुवटी खाली घेतली तर ३६. चाळीस किलोमीटरला जवळपास दोन मिनिटं. फडफडणारी जर्सी आणि दोनच पिनांवर लावलेला नंबर यातले काही सेकंद वाया घालवतात. नंबर चारही कोपऱ्यांत आणि मध्ये बाजूंना पिना लावून चिकटवायचा. ही बैठक दर आठवड्याला अर्धा तास तरी सलग सरावात घ्यावी लागते, नाहीतर शर्यतीत पंधराव्या मिनिटाला मान बंड करते. (मुंबईच्या मित्रांशी वेग लावून खूश होणाऱ्यांसाठी: इंदूरच्या उंचीवर हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण सहा टक्के विरळ. तासाला अर्धा किलोमीटर तिथेच फुकट मिळतो.)

जोर वाटायचा असा: पहिली पाच मिनिटं ठरलेल्या आकड्याच्या पाच टक्के खाली. वारा समोरून असेल तेव्हा तीन ते पाच टक्के वर, पाठीशी असेल तेव्हा तितकाच खाली, कारण जास्त वेळ संथ भागात जातो आणि तिथला वॉट जास्त सेकंद वाचवतो. पुढच्याला गाठलं तर मागे चिकटायचं नाही. यूसीआयचा नियम २५ मीटर मागे आणि ओलांडताना बाजूने दोन मीटर अंतराचा आहे, स्थानिक शर्यतीत तो वाकवतात पण वाद तिथूनच निघतात.

बीआरएम ही शर्यत नव्हे. २०० किमीला मर्यादा १३ तास ३० मिनिटं; चाकावर ताशी २२ ची सरासरी ठेवली तर नऊ तास पाच मिनिटं, बाकी चार तास पंचवीस मिनिटं थांब्यांना. वेळ पायात नाही, थांब्यांत जातो. कंट्रोलवर (वाटेतल्या तपासणीच्या थांब्यावर) क्रम ठरलेला: कार्डावर शिक्का, बाटल्या, खाणं हातात घेऊन बाहेर. पुढचा-मागचा दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आदल्या दिवशी तपासायचं, दिवा चार्ज करताना खरंच चार्ज होतोय का तेही.

मार्चपासून साडेपाचला निघून नऊच्या आत परत, लांब राइड फक्त उज्जैनच्या दिशेने, घाट बंद. जूनच्या पहिल्या आठवड्यात १५०० किलोज्यूलची चाचणी पुन्हा, यावेळी उन्हाळ्याच्या हवेत आणि तासाला ८० ग्रॅमवर.