ओहायोत समुद्र नाही म्हणून

रात्री अडीच वाजता बायकोने मला हलवून उठवलं, "ऊठ, टँकची काच तडकतेय." मी तसाच अनवाणी खाली पळालो, लाइट लावला, कार्पेट हाताने चाचपलं तर कोरडं ठणठणीत, काच धड, मासे आपापल्या कोपऱ्यात गप्प, आणि तेवढ्यात परत आवाज आला, टक्! अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. मागे वळून बघतो तर ही जिन्यावर उभी, घरातले झाडून सगळे टॉवेल छातीशी धरून.

तो आवाज होता पिस्टल श्रिम्पचा. बोटाएवढी कोळंबी, एक पंजा दुसऱ्यापेक्षा मोठा, तो पंजा ती इतक्या जोरात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि आवाज त्या बुडबुड्याचा येतो. तिला मी त्याच दिवशी दुपारी फिश स्टोअरमधून आणलं होतं आणि घरात सांगितलं नव्हतं. म्हणजे आवाजाचं कारण पण मीच आणि न सांगितल्याचा गुन्हेगार पण मीच. टॉवेल परत कपाटात ठेवताना हिने एकच वाक्य बोललं, "तुला समुद्रच हवा होता तर ओहायोत कशाला आलास?"

प्रश्न बरोबर आहे, माझ्याकडे उत्तर नाही. मी शिरोड्याचा, वेंगुर्ला तालुका, घरातून गाज ऐकू यायची. आणि नोकरी लागली कोलंबसला, जिथून समुद्र गाठायचा तर गाडीने आठ-नऊ तास. लेक एरी नावाचं सरोवर दोन तासांवर आहे, दिसतं अगदी समुद्र, पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा पण येतात, पण पाणी गोडं. आईला पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा ती काठावर उभी राहून जरा वेळ नाक वर करून बघत राहिली आणि म्हणाली, "ह्येका वास खंय आसा?"

तर लहानपणी एकदा मुंबईला गेलो असताना मामाने तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं होतं, मरीन ड्राइव्हवरचं, 1951 सालचं, तेव्हापासून डोक्यात किडा होता. इथे आल्यावर कळलं की घरी खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणारे लोक ढिगाने आहेत आणि सगळं सामान मिळतं. मी आठ महिने व्हिडिओ बघितले. ही माझी पहिली चूक, कारण घरच्यांना वाटलं की हा नुसता बघतोय, बघू दे, आणि मग एक दिवस मी चाळीस गॅलनच्या टँकचं बोलायला लागलो तेव्हा त्यांच्यासाठी तो पहिला दिवस होता आणि माझ्यासाठी दोनशे चाळीसावा.

हिचे आक्षेप खरं सांगायचं तर एकदम रास्त होते. चाळीस गॅलन म्हणजे दीडशे लिटर, म्हणजे नुसतं पाणीच दीडशे किलो, वर दगड, वाळू, काच, स्टँड, सगळं मिळून चार माणसं एका जागी कायमची उभी केल्यासारखं वजन, लाकडी फ्लोअर झेपेल का? (खालच्या मजल्यावर ठेवला, खाली काँक्रीट आहे, तो विषय मिटला.) पाण्याजवळ वायरी? (प्रत्येक वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबती सोडायची म्हणजे ओघळ आलाच तर तिथून जमिनीवर टपकतो, सॉकेटमध्ये जात नाही, आणि सॉकेट पण पाण्याजवळ लावतात ते आपोआप ट्रिप होणारं.) खर्च? इथे मी थोडा खोटं बोललो. टँकची किंमत सांगितली. टँक हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग असतो हे नाही सांगितलं. लाइट, पंप, हीटर, पाण्यातली घाण फेसावाटे काढणारा स्किमर, पाण्याचा फिल्टर, मिठाची बादली, हे क्रेडिट कार्डाच्या बिलावर एकेक करून उगवत गेलं आणि हिने एक्सेल शीट उघडली, तिला नाव दिलं "खारट खर्च". बाराशे डॉलरला मी बघायचं सोडून दिलं.

पण ज्याच्यावर मनापासून भांडण झालं ती गोष्ट वेगळीच. हिने स्वतः वाचून काढलं की काही बटणासारख्या दिसणाऱ्या प्रवाळांत, झोअँथिड आणि पॅलिथोआ, पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असू शकतं, आणि असे दगड उकळले किंवा खरवडले तर घरातली माणसं हॉस्पिटलात जाऊ शकतात. हे मला माहिती होतं. मी बोललो नव्हतो. "घरात आठ वर्षांची पोर आहे आणि तू हे मला सांगितलं नाहीस?" त्यावर काय बोलणार? त्या दिवशी ठरलं ते आजही पाळतो, त्या जातीचं काही घरात येणार नाही, टँकमध्ये हात घालताना हातमोजे, नंतर साबण, आणि लेकीने एकटीने हात घालायचा नाही. बाकी कशात नाही पण ह्यात ती सरळसरळ बरोबर होती.

मग टँक आला, भरला, आणि महिनाभर त्यात काहीच नव्हतं. माशांच्या घाणीचा अमोनिया होतो, एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचा नायट्राइट करतात, दुसरे त्याचा नायट्रेट, आणि हे बॅक्टेरिया दगडात वाळूत पुरेसे वाढेपर्यंत चार ते सहा आठवडे थांबावंच लागतं, नाहीतर मासे मरतात. हे मी जेवणाच्या टेबलावर तीन वेळा समजावलं. घरच्यांना दिसलं ते एवढंच की बाबा रोज संध्याकाळी रिकाम्या पाण्यासमोर खुर्ची टाकून बसतो आणि टेस्ट ट्यूबमध्ये थेंब मोजतो. त्यात मग दगडांवर चॉकलेटी शेवाळ धरलं, जे नव्या टँकला धरतंच, आणि नेमके त्याच आठवड्यात आमच्याकडे गणपती. आरतीला आलेली सगळी मंडळी गणपतीचं दर्शन घेऊन वळली की टँकपाशी येऊन थबकायची आणि मग अगदी सभ्यपणे, "अरे वा... ह्यात काय आहे?"

आरओ फिल्टरचं प्रकरण मी थोडक्यात आवरतो. नळाचं पाणी चालत नाही, क्लोरीन वगैरे असतं, म्हणून फिल्टर लावून बादली भरायची, ती भरायला दोन-तीन तास लागतात, आणि माणूस झोपतो. किचनमध्ये सकाळी घोट्याएवढं नाही पण चपला तरंगतील इतकं पाणी. आणि मीठ मोजायला मी तिचं पोह्यांचं माप घेतलं होतं ते पण त्याच सकाळी सापडलं.

लेक मात्र आधी सोपी वाटली होती, पण तिला हवा होता तो निळा, पिवळ्या शेपटीचा टँग मासा. तो फूटभर वाढतो, आमच्या टँकची लांबीच तीन फूट, हे सांगितल्यावर ती रडली नाही, फक्त म्हणाली "मग मोठा घ्यायचा ना", आणि हिने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला. शेवटी दोन क्लाउनफिश आणले, केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचे, समुद्रातून पकडलेले नाही, इथेच फार्मवर जन्मलेले. मोठ्याचं नाव तिने ठेवलं पेढा, छोटीचं बर्फी. मी तिला सांगितलं की क्लाउनफिश सगळे आधी नरच असतात, जोडीतला मोठा आणि दादागिरी करणारा असतो तो मादी होतो, म्हणजे पेढा ही बाई आहे आणि बर्फी हा बुवा. तिने जरा विचार केला आणि नावं तशीच ठेवली.

मग एका सकाळी वरपर्यंत किंकाळी. क्लीनर श्रिम्प मेली! वाळूवर खरंच आख्खी कोळंबी आडवी, मिशा-पाय सगळं, पारदर्शक. पोरगी हुंदके देऊन रडतेय, ही मला "आता शाळेत कशी पाठवू हिला", आणि मी खाली वाकून बघतो तर दगडाच्या मागे लाल-पांढरी कोळंबी जिवंत, नवी कोरी. ते नुसतं टरफल होतं, कात टाकली होती तिने. ते टरफल लेकीने चिमट्याने उचललं, वाळवलं, छोट्या डबीत कापसावर ठेवून शाळेत शो अँड टेलला नेलं, आणि त्या दिवसापासून टँक तिच्यासाठी "बाबाचा" राहिला नाही. मी काही केलं नव्हतं, कोळंबीने केलं.

आई आली मे महिन्यात, सहा महिन्यांसाठी. टँकसमोर उभी राहून तिने पाच मिनिटं सगळं बघून घेतलं आणि म्हणाली, "खावचे नाय, मगे हेंका पोसतंस कित्याक?" मी म्हटलं, बघायला. "बघूक?" आयुष्यभर टोपलीतले मासे कल्ला उचलून बघत आलेल्या बाईला मी हे सांगत होतो.

जूनमध्ये मला कामासाठी दहा दिवस डॅलसला जावं लागलं. फोनवर हिला सांगितलं, पाण्याची लेव्हल उतरली तर वरून घालत जा. तिने घातलं. खाऱ्या टँकला खारं पाणी, मी मिसळून ठेवलेल्या बादलीतलं, रोज दोन लिटर, अगदी नेमाने. परत येऊन बघतो तर पेढा खाईना, कोळंबी कोपऱ्यात, पाण्याचा खारटपणा मोजला तर आकडा 1.026 असायला हवा तो 1.029. मी लेक्चर सुरू केलं, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, इव्हॅपोरेशन, आणि ही रडकुंडीला आली, कारण तिने खरंच मनापासून केलं होतं आणि मीच नुसतं "पाणी" म्हटलं होतं. तेव्हा आई भाजी निवडत होती तिथूनच म्हणाली, "गो, पाणी उडान जाता, मीठ थंयच ऱ्हवता. आमच्या मिठागरात काय होता मगे?"

शिरोड्याचं मिठागर, तेच ते, 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहातलं. आईचे वडील तिथे कामाला होते. मग तिने हिला भाजीच्या ताटलीत बोटाने रेघा ओढून दाखवलं, हे वाफे, भरतीचं पाणी आत घ्यायचं, ऊन पाणी नेतं, मीठ नेत नाही, म्हणून पाणी दिवसेंदिवस जड होत जातं आणि शेवटी मीठ बसतं. तुझ्या त्या टँकात तू मिठागरच केलंस. ही हसायला लागली. मी तीच गोष्ट इंग्रजी शब्द घालून वीस मिनिटं सांगत होतो. दोन-तीन दिवस थोडं थोडं गोडं पाणी घालत खारटपणा खाली आणला, एकदम आणला तर जीव जगत नाहीत. पेढा जेवायला लागली.

त्यानंतर दोघींचं काहीतरी वेगळंच सुरू झालं ज्यात माझा संबंध नव्हता. टँकच्या काठावर मिठाचा पांढरा थर जमतो तो आईने बोटाने खरवडला, चाखला (मी आईऽऽ म्हणेपर्यंत) आणि म्हणाली, "आमचा मीठ बरा." स्किमरचा कप, म्हणजे ती घाण जिथे जमते तो, त्याला मच्छी मार्केट बंद झाल्यावरच्या गटाराचा वास येतो, तो आला की ही नाकाला पदर लावल्यासारखा टीशर्ट लावून पळायची. आई न बोलता धुऊन टाकायची आणि ते काळं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत घालायला निघाली होती, खाऱ्याने झाड जळेल म्हणून मग तिनेच हात आवरला. वेव्हमेकर, म्हणजे टँकमध्ये लाटा करणारा पंप, बघून विचारलं की ह्याला भरती-ओहोटी नाही का. नाही म्हटल्यावर लेकीला शिकवलं, आज अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला तिकडे भरती. पोरगी आता कालनिर्णय बघून भरती काढते, कोलंबस ओहायोत.

आणि प्रवाळ बघून आईने विचारलं, अंगठीतलं पोवळं ते हेच का, मंगळाचं? म्हटलं ते लाल पोवळं वेगळं, खोल पाण्यातलं, पण नात्यातलं. ह्यावरून एक सांगून टाकतो, कारण गावाकडून दोन मित्रांनी विचारलंय. मालवणला पाण्याखाली प्रवाळ दिसतं म्हणून तुकडा घरी आणायचा विचार पण करू नका. भारतात प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत टाकलंय, वाघाच्या रांगेत. मासे पाळायचे तर पाळा, प्रवाळ जिथे आहे तिथे बघून या.

पिस्टल श्रिम्प आली ती ऑक्टोबरात, आई परत जायच्या आधी. त्या रात्रीचं सुरुवातीलाच सांगितलं. सकाळी ही अजून फुरंगटलेली, चहाचा कप घेऊन टँकसमोर बसली, आणि तिथे तिला दिसलं की ती कोळंबी जवळजवळ आंधळी असते, पंजाने वाळू उपसून बीळ करते, आणि बिळाच्या तोंडाशी पिवळा गोबी मासा राखणीला बसतो. कोळंबी बाहेर आली की एक मिशी सतत माशाच्या अंगावर टेकलेली. काही धोका दिसला की मासा शेपूट थरथरवतो आणि दोघं आत. चहा गार झाला. मी मागे उभा होतो, गप्प बसलो, एवढं तरी शिकलो होतो. नाव तिनेच ठेवलं, फटाका.

डिसेंबरात आमची इंडिया ट्रिप, चार आठवडे. खरं तर "इंडियाला गेल्यावर कोण बघणार" हा तिचा अगदी पहिल्या दिवसापासूनचा आक्षेप, आणि माझ्याकडे त्याला उत्तर कधीच नव्हतं. उत्तर तिने काढलं. गोळ्यांचे डबे आणले, सोमवार ते रविवार वाले, चार, त्यात रोजचं खाणं मोजून भरलं, कारण शेजारी प्रेमाने जास्त घालतात आणि मासे उपाशी राहून नाही, जास्त खाण्याने, पाणी बिघडून मरतात. लेव्हल आपोआप राखणारं ऑटो टॉप ऑफ मशीनही तिनेच घेतलं, खारट खर्चमध्ये स्वतःच्या हाताने नोंद करून. किल्ली दिली शेजारच्या रिटायर्ड आजोबांना, सोबत दोन पानी चिठ्ठी.

शिरोड्याला पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, आई घावणे घालत होती, फोन वाजला. तिकडे रात्रीचे नऊ. आजोबा घाबरलेले, टँकमधून काच तडकल्यासारखा आवाज येतोय, पाणी बंद करू का, कुणाला बोलवू का. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात हिने फोन माझ्या हातातून घेतला, चिठ्ठीचं दुसरं पान बघा म्हणाली, आणि मग घावण्याचा तुकडा चटणीत बुडवत त्यांना इंग्रजीत फटाका म्हणजे काय ते समजावत बसली.